सिकुजुआचं बोळकं

दार-एस-सलाम,
ता. ६ मे १९८५

ती. आजीस,
धाकट्या सवतीचा सा. न. वि. वि.

इकडे उकाडा सोडून सर्व खुशाल. तुझं मागचं पोस्टकार्ड संग्रहालयात आमच्या खात्यात नव्याने आलेल्या डॅनिश बाईंच्या हाती लागलं. बिर्गिट तिचं नाव. तिला स्वाहिली शिकायची भारी हौस. शब्दकोश घेऊन बसली आणि 'माझ्या सवतीस' एवढं वाचून पांढरी पडली. मुळातच पांढरी आहे, तरी पडली. मला कोपऱ्यात नेऊन हळूच विचारलं, तुझा नवरा किती वर्षांचा आहे आणि तुला काही मदत हवी आहे का. मी म्हटलं, ऐंशीचा आहे, ठार बहिरा आहे, दोन बायका त्याला झेपेनात म्हणून मी शहरात पळून आले. तिच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं तेव्हा कुठे खरं सांगितलं, की आमच्याकडे नात म्हणजे आजोबांची थट्टेतली बायको, म्हणून आजीची सवत, आणि या नात्यात कुणी काहीही बोललं तरी रागवायचं नसतं. तिला ही रीत फार आवडली. तूही ती विसरू नकोस, कारण आता जे सांगणार आहे ते ऐकून तुझा काही भरवसा नाही.

दुष्काळाच्या वर्षी मी घरी आले होते, आठवतं? तुझ्या संडासामागच्या केळींखालचा पालापाचोळा चाळणीतून चाळत बसले होते, आणि तू कुंपणापाशी उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होतीस की जास्त शिकल्यामुळे पोरीच्या डोक्यावर परिणाम झालाय. त्या पाल्यात मला दोन गोगलगायी मिळाल्या होत्या. शंख एवढेसे, की तांदळाच्या एका दाण्यावर दोन्ही बसतील. या घराण्यात ओळख पटते ती तोंडावरून. शंखाच्या तोंडात चुन्याचे बारीक दात असतात, कुणाला चार, कुणाला सात, कुणाचा एखादा वाकडा, आणि जात ठरते ती त्यांवरून. मी दिवसभर ओल्या कुंचल्याच्या टोकावर शंख धरून मायक्रोस्कोपखाली दुसऱ्यांचे दात मोजत असते. सरकार मला याचा पगार देतं.

तर या दोघींच्या तोंडात एकही दात नाही! नुसतं बोळकं. ओठ मात्र चांगला जाडजूड. वाढ पुरी झाली की शंखाचा ओठ जाड होतो, म्हणजे या दोघी वयात आलेल्या बायका, आणि तरी दात नाहीत. अशी जात जगात आजवर कुणी पाहिलेली नाही. ती आमच्या संग्रहालयाच्या अंकात नवी म्हणून छापून आली, आणि नाव ठेवायचा मान माझा होता. बोळकं म्हटल्यावर मला दुसरं कोण आठवणार? गुलेला सिकुजुआए. गुलेला हे आडनाव समज. सिकुजुआए म्हणजे सिकुजुआची, तुझी.

सोबत साबणाच्या वड्या पाठवल्या आहेत. त्या मिळवायला मी अर्धा दिवस रांगेत होते, तेव्हा शेजारणींना वाटत सुटू नकोस. आजोबांना माझ्या वतीने डोळा मार. सवतीवर लोभ आहेच, तो भांडूनतंटून वाढवावा.

तुझी,
तौसी


क्वेमबागो, मलालोजवळ,
ता. १५ मे १९८५

चि. सौ. कां. सवत हिला,
(ते 'कां.' आणखी किती वर्षं लावायचं ते कळव) थोरलीचे अ. उ. आ.

पत्र वाचलं आणि वाटलं, साठीला प्रौढवर्गात शिकलेलं वाचन आता बिघडलं. म्हणून तुझ्या आजोबांना ओरडून वाचून दाखवलं. त्यांच्याआधी पलीकडच्या डोंगराला ऐकू गेलं असेल. ते म्हणाले, गोगलगायीला तुझं नाव दिलं हे बरं केलं, तूही कधी वेळेवर चहा आणत नाहीस. त्या दिवशी त्यांना चहा मिळाला नाही.

सवती, मी रडले. थट्टा बाजूला ठेवून सांगते. तुला मी नावाने हाक मारत नाही, पत्रातही सवतच लिहिते, आणि का ते तुला ठाऊक आहे. माझ्या थोरल्याची पहिली मुलगी तू. नाव माझं पडायचं, ते पडलं तुझ्या आईच्या आईचं, त्या सोनी गावच्या तौसीचं. का, तर तौसी म्हणजे मोर, आणि सिकुजुआ म्हणजे 'मला ठाऊकच नव्हतं'. माझ्या आईला घेवडा बाधला असं वाटत होतं आणि मी बाहेर आले. यात माझा काय गुन्हा? तुझ्यामागून इतक्या नाती झाल्या. दर बाळंतिणीला मी कोंबडीचं पाणी करून घातलं, उशाशी आशेने बसले. एक सून म्हणाली, शेतातून पोरीला हाक मारायची ती काय 'मला ठाऊकच नव्हतंऽऽ' अशी मारायची? धाकटीने तर रेडिओवरच्या गाणारणीचं नाव ठेवलं. आणि त्या मोरणीच्या नावाच्या चार पोरी या डोंगरावर नाचतायत. मी मेल्यावर या घरात माझ्या नावाने कुणी कुणाला जेवायला हाक मारणार नाही, हे मी मनाशी धरून बसले होते.

आता गोगलगाय तर गोगलगाय. संडासामागे सापडली तेवढं मात्र कुणाला सांगू नकोस, मी सगळ्यांना केळीच्या बागेत सांगितलंय. येत्या रविवारानंतरच्या रविवारी जेवण ठेवलंय. काळा बोकड कापणार. सोनीच्या तौसीला पहिलं बोलावणं धाडलं. मला एवढं कळव, की ही माझी बाई खाते काय आणि तिचा नवरा कोण. लोक विचारतील.

तुझ्यावरची माया आज जरा जास्तच आहे, ती पुढच्या पत्रापर्यंत उतरेल, काळजी नको.

तुझी थोरली,
सिकुजुआ


दार-एस-सलाम,
ता. २१ मे १९८५

ती. आजीस, सा. न. वि. वि.

बोकडाला जीवदान दे! अगं, तांदळाहून बारीक किड्यासाठी कुणी बोकड कापतं का? सोनीची आजी माझीही आजी आहे. तिला बोलावून तू काय करणार ते मला इथे बसल्या बसल्या दिसतंय.

विचारलंस म्हणून सांगते. ती शेजारच्या गोगलगायींना खाते. त्यांच्या शंखात डोकं घालून आतल्या आत संपवते आणि बाहेर काही झालंच नाही अशी चालायला लागते. नवरा म्हणशील तर प्रत्येक गोगलगाय बाईही असते आणि बुवाही. सूनबाई नाहीत, जावई नाहीत, नाव ठेवण्यावरून भांडण नाही.

नावाची काळजी तू सोड. एकदा छापलं की ते छापलं, मला वाटलं तरी आता मागे घेता येत नाही.

लोभ कमी झाला तरी चालेल, बोकड राहू दे.

तुझी,
तौसी


क्वेमबागो,
ता. ३ जून १९८५

चि. सवतीस अ. उ. आ.

तुझं पत्र बोकडानंतर आलं.

काय सांगू तुला! पिलाव असा झाला की पाद्रीबुवांनी प्रार्थना आवरती घेतली. सोनीची तौसी नवा कांगा नेसून आली होती, चालताना करकर आवाज येत होता. पोटभर जेवली. मग बोटं चाटून झाल्यावर सगळ्यांसमोर म्हणाली, विहीणबाई, आम्ही एवढ्या लांबून आलो, तर तुमच्या नावाची ती दाखवा तरी. माझ्या चार तर पाहिजे तेव्हा हाक मारली की येतात.

माझं तोंड बघण्यासारखं झालं. दाखवू काय? मी उठले, चाळणी घेतली आणि संडासामागे गेले. माझ्यामागे पाद्रीबुवा, त्यांच्यामागे सगळी वाडी. पाऊस नुकताच होऊन गेलेला, पाला ओला. सगळे जण चांगल्या कपड्यांत गुडघ्यांवर बसून नाकाने पाला हुंगावा तसे शोधत होते. तुझे आजोबा खुर्चीवर बसून विचारत होते, कुणाची अंगठी हरवली? आणि सापडल्या, सवती! एक नव्हे, मूठभर! पाद्रीबुवांनी चष्मा भिंगासारखा धरून पाहिलं. मोरणीनेही पाहिलं. म्हणाली, बारीक आहे. मी म्हटलं, बारीक आहे, पण छापलेली आहे.

त्या सगळ्या वाळवून मार्जरीनच्या डब्यात भरून आपल्या शिक्षकाच्या भावाबरोबर धाडल्या आहेत. तुमच्या संग्रहालयात दोनच आहेत म्हणालीस ना? ठेव तिथे सगळ्या ओळीने. माझा वंश किती मोठा आहे ते त्या लोकांना कळू दे.

लोभ असावा, आणि साबण पुन्हा असावा.

तुझी,
सिकुजुआ


दार-एस-सलाम,
ता. १८ जून १९८५

ती. आजीस, सा. न. वि. वि.

डबा पोचला. फार चांगला बांधला होतास.

इथे विजेचा लपंडाव चालू आहे, त्यामुळे मायक्रोस्कोप खिडकीशी नेऊन काम करावं लागतं. बिर्गिट आता उगाली हाताने खायला शिकली, पण कोपरापर्यंत माखून घेते. साखर मिळत नाही. पुढच्या महिन्यात साबण मिळेल असं म्हणतात. आजोबांच्या गुडघ्याला कसं आहे?

एक विचारायचं होतं. डब्यातल्या सगळ्या एकाच जागच्या का गं? म्हणजे त्याच केळींखालच्या? की कुणी ओढ्याकडच्याही आणून टाकल्या? सहज विचारते.

लोभ असावा.

तौसी


क्वेमबागो,
ता. २७ जून १९८५

सवतीस,

आशीर्वाद राखून ठेवले आहेत. आधी उत्तर दे.

मी तुला पाळण्यापासून ओळखते. तू दूध सांडलंस की आजोबांच्या गुडघ्याची चौकशी करायचीस. या पत्रात एक थट्टा नाही, एक टोमणा नाही, नुसती साखर आणि साबण. असं पत्र सुना लिहितात. सगळ्या एकाच जागच्या आहेत, संडासामागच्या, पाद्रीबुवा साक्षीला आहेत. आता बोल.

इकडे पोरं मला गोगलगाय आजी म्हणून हाक मारतात आणि पळतात. मी काठी उगारते, पण हळूच. परवा पाण्यावर एका बाईने मला नावाने हाक मारली, पूर्ण नावाने, सिकुजुआ म्हणून. किती वर्षांनी कुणी मारली असेल! मी हंडा तसाच टाकून तिच्याकडे बघत राहिले. मला मरणाची भीती नाही, सवती. मेल्यावर नाव पुसलं जाईल याची होती, आणि ती तू घालवलीस. म्हणून म्हणते, काही असेल तर सरळ सांग.

तुझी थोरली


दार-एस-सलाम,
ता. ९ जुलै १९८५

ती. आजीस,
नुसता सा. न. पुरणार नाही, शि. सा. न. केला असं समज, लोटांगण घालून.

तुझा डबा मी वर्तमानपत्रावर पालथा केला आणि लहानमोठे शंख निवडून ओळीने लावत गेले. पहिला अगदी माझ्या त्या दोघींसारखा, बोळका. पुढचा थोडा मोठा, तोही बोळका. त्यापुढचा अर्ध्या वेटोळ्याने मोठा, आणि ओठाच्या आत एक पुटकुळी. मग दोन. मग चार. शेवटचे पूर्ण वाढलेले, तोंडात सात दात, त्यातला एक वाकडा. ही जात मला पाठ आहे, आजी. क्रेट्झिगी. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी कुणा जर्मन माणसाने आपल्या डोंगरातून नेली आणि क्रेट्झिग नावाच्या आपल्या मित्राचं नाव दिलं.

तुझी सिकुजुआए ही वेगळी जात नाहीच. ते क्रेट्झिगीचं लहान बाळ आहे. दात नाहीत, कारण अजून फुटलेले नाहीत. मग ओठ जाड कसा, म्हणशील. तोच तर मला नडला. त्या वर्षी पाऊस पडला नाही, तेव्हा बाळांनी वाढणं थांबवलं, ओठ घट्ट करून पाल्याखाली बसून राहिली. पाऊस आला की ती पुन्हा वाढतात. तुझ्या डब्यातल्या मोठ्या शंखांवर त्या जुन्या ओठाची रेघ अजून दिसते. मी मात्र तो ओठ बघून त्यांना बायका ठरवलं. जे मला ठाऊकच नव्हतं ते ठणकावून छापलं. नाव तेवढं अगदी बरोबर पडलं.

साहेब म्हणाले, गप्प बस. अशा किड्यांकडे दहा वर्षांत कुणी ढुंकून बघणार नाही, उगाच संग्रहालयाचं हसं कशाला? मी आठवडाभर गप्प बसले. रोज मायक्रोस्कोपशी बसायचे आणि रोज ते बाळ समोर यायचं. काल दुरुस्तीचं टिपण लिहून अंकाला दिलं. तुला आधी विचारलं नाही. तुझं उत्तर यायची वाट बघितली असती तर ते टिपण मी कधीच दिलं नसतं.

नाव खोडत नाहीत, मागे एका पत्रात तेवढं खरं सांगितलं होतं. पण आता ते कुणी वापरणार नाही. क्रेट्झिगीच्या खाली बारीक अक्षरांत राहील, की हिला चुकून वेगळी समजलं होतं. तू बोकड कापलास. मोरणीसमोर तोंड वर करून उभी राहिलीस. आणि मी तुला हे लिहितेय. मला फार वाईट वाटतंय आजी. आपल्या नात्यात रागवायचं नसतं हे मीच लिहिलं होतं, पण या वेळी तू रागव.

तुझी,
तौसी


क्वेमबागो,
ता. २४ जुलै १९८५

चि. सवतीस,
आशीर्वाद शेवटी देईन. तू म्हणालीस रागव, तर आधी ते उरकते.

पत्र आलं त्या दिवशी मी जेवले नाही. आजोबांनी विचारलं तेव्हा सांगितलं, माझी गोगलगाय गेली. ते म्हणाले, एवढीशी होती, कुणाच्यातरी पायाखाली यायचीच. मग मी त्यांना शिव्या दिल्या, तुला दिल्या, तुझ्या साहेबांना दिल्या, आणि त्या क्रेट्झिगला तर अशा दिल्या की जर्मनीत त्याच्या थडग्याला तडा गेला असेल. हा मेला कधी माझ्या संडासामागे येऊन गेला होता?

दुसऱ्या दिवशी सकाळची बस धरून मी सोनीला गेले. बाहेरून कळून ती मोरणी हसण्यापेक्षा मीच जाऊन सांगितलेलं बरं. तिने मला चहा दिला, साखर नव्हती. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. ती हसली, गं. भिंतीला धरून हसली, डोळे पुसले, पुन्हा हसली. आणि म्हणाली, म्हणजे विहीणबाई, इतका गाजावाजा करून निघालं काय, तर दात न फुटलेलं पोर!

मी भांडायला सरसावले. ती काय बोलली ते मला तेव्हा कळलं. दात न फुटलेलं पोर. माझ्या नावाचं.

सवती, तुझ्या बापाच्या आधी मला दोन झाली होती, तुला कुणी सांगितलं नसेल. दोघी मुलीच. एकीलाही दात येईपर्यंत दम धरवला नाही. पण त्यांना नावं ठेवली होती, मी अजून घेते, एकटी असले की. मोठ्या झाल्या नाहीत म्हणून ती नावं चुकीची होती, असं कुणी लिहून दिलं नाही. दिलं असतं तर मी त्याचा हात मोडला असता. तू लिहिलंस ते बरोबरच लिहिलंस, तुमच्या कामात तसंच लिहायला पाहिजे, खोटं छापून ठेवलेल्या नावाची मला लाजच वाटली असती. पण रडायचं थांब. मी तुम्हा पोरींकडे गोगलगायीची नवी जात कधी मागितली होती? मी एक लेकरू मागितलं होतं. मोरणीला मी तेच सांगितलं. म्हटलं, तुझ्या चारही घोड्यांएवढ्या झाल्या, माझीचं अजून बोळकं आहे. तिने दुसरा कप भरला. या वेळी साखर सापडली तिला.

आणि दात आल्यावर ती क्रेट्झिगची होते, तर होऊ दे. मला तरी मोठी झाल्यावर कुणी सिकुजुआ म्हटलं? पन्नास वर्षं मी शेकिगेंदाची बायको, नाहीतर तुझ्या बापाची आई. नाव पोरीचं लहानपणीच काय ते असतं.

राखून ठेवलेले सगळे आशीर्वाद सोबत, मोजून घे. लोभ होता तेवढाच आहे, वाढवायला आता माझ्याकडे वेळ नाही, पाऊस आलाय आणि मला संडासामागे जाऊन बघायचंय, माझी कितपत वाढली ते.

तुझी थोरली,
सिकुजुआ